दाताची तपासणी झाली, चिठ्ठी कपाटात राहिली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आतल्या पानावर बातमी वाचली, शाळेतल्या मोठ्या पोरांची दात तपासणी सरकारी खर्चाने करणार म्हणून. बातमी चांगली आहे, तपासणी झालीच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण वाचल्यापासून डोकं गरम झालंय आणि रात्री मिस्टरांसोबत त्यावरून बोलाचाली पण झाली, म्हणून आज शिलाईचं काम बाजूला ठेवून हे लिहून राहिली.

माझा मुलगा आता दहावीत आहे. मागच्या वर्षी नववीत होता तेव्हा ऑगस्टमध्ये त्याच्या शाळेत तपासणी झाली. घरी आला, मी विचारलं काय म्हणले डॉक्टर, तर म्हणे "काही नाही आई, सगळ्यांचीच झाली, तोंड उघडा म्हणले, पाहिलं अन् झालं." चाळीस मिनिटांचा एक तास आणि वर्गात बावन्न पोरं, आता तुम्हीच हिशोब करा एकाला किती वेळ मिळाला असेल. वजन, उंची, डोळे पण त्यातच. तरी मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, कारण तेवढ्या वेळातही त्यांनी बरोबर पाहिलं होतं. हे मला वर्षभरानंतर कळलं आणि माझा सगळा राग तिथेच आहे.

या वर्षी जुलैत एका रात्री त्याचा उजवा गाल सुजला. आधी आठ-दहा दिवस एका बाजूने जेवत होता, रविवारी तर्री-पोहे आणले तर त्याने चणे बाजूला काढून ठेवले, मला वाटलं नखरे करून राहिला. सासूबाई म्हणाल्या दुधाची दाढ असेल, पडून जाईल. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी समजावलं की ही दाढ सहाव्या वर्षी येते, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता येते, म्हणून घरोघरी लोकांना ती दुधाचीच वाटते आणि तिची काळजी कोणी घेत नाही. ती जन्मभराची दाढ असते, गेली तर दुसरी येत नाही. आरसा धरून मला दाखवलं, मसुराचा दाणा बसेल एवढा काळा खड्डा, आत चण्याचं साल अडकलेलं आणि तो वास. माझ्या पोटच्या पोराच्या तोंडात हे वर्षभर चाललं होतं आणि मी त्याला रोज सकाळी ब्रश केला का एवढंच विचारत होती.

कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली होती. रूट कॅनाल, तीन वेळा जावं लागलं, वरून कॅप, सगळं मिळून साडेसात हजार. मिस्टर हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहेत, मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज करते. साडेसात हजार म्हणजे काय ते आमचं आम्हाला माहीत. डॉक्टर म्हणाले वर्षभर आधी आणलं असतं तर सातआठशेत भरून झालं असतं.

आता चिठ्ठीचं ऐका. ऑगस्टमध्ये बोनाफाईड आणायला शाळेत गेली. क्लास टीचर मॅडमनी कपाट उघडलं, शिक्का शोधता शोधता रबर लावलेला एक गठ्ठा बाहेर काढून टेबलावर ठेवला, रबर इतकं वाळलं होतं की हात लागताच तुटलं आणि चिठ्ठ्या पसरल्या. वरून तिसरी माझ्या पोराची. नाव, इयत्ता, तारीख आणि खाली पेनाने लिहिलेलं, "दात कीड, उजवी खालची दाढ, रेफर." मी उभ्या उभ्या सगळ्या मोजल्या. चौदा होत्या. एका वर्गाच्या चौदा पोरांना पुढे न्यायला सांगितलं होतं आणि एकाही आईबापाच्या हातात तो कागद पडला नाही.

मॅडम म्हणाल्या, मुलांना सांगितलं होतं. चौदा वर्षांच्या पोराला सांगितलं की दात दाखवायला जा, तो घरी येऊन सांगेल? त्याला सुईची भीती वाटते, तो मुद्दाम सांगणार नाही, मीही त्या वयात सांगितलं नसतं. मॅडमच्या मागे पण किती कामं असतात ते दिसतं मला, ऑनलाइन माहिती भरायची, वरून रोज एक नवीन परिपत्रक. पण शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना, त्यावर गणवेशाचा मेसेज पाच वेळा येतो, सहलीच्या पैशाचा दहा वेळा येतो. "तुमच्या मुलाची दाढ किडली आहे, दवाखान्यात न्या" एवढी एक ओळ प्रत्येक पालकाला वेगळी पाठवायला किती वेळ लागला असता?

माझी नणंद ऑस्ट्रेलियात असते, तिला फोनवर हे सांगितलं तर तिने तिकडचं सांगितलं. तिथे २००८ साली सरकारने १२ ते १७ वर्षांच्या पोरांसाठी दात तपासणीची योजना काढली, पात्र घरांना दीडशे डॉलरपर्यंतचं व्हाउचर यायचं, पोस्टाने, घरी. निदान आईबापाला कागद तरी दिसायचा. पण त्या व्हाउचरमध्ये तपासणी आणि दात साफ करण्यासारखं काम व्हायचं, कीड निघाली तर दात भरायचे पैसे त्यात नव्हते. शेवटी ती योजना बंद करून २०१४ पासून नवीन आणली, त्यात दात भरणं, रूट कॅनाल, दात काढणं पण धरलं. म्हणजे नुसतं पाहून भागत नाही हे पैसेवाल्या देशालाही पाच-सहा वर्षांनी मान्य करावं लागलं. आपल्याकडे तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, आजारांच्या यादीत दात पण आहेत, आणि तपासून पुढे उपचाराला पाठवायचं हे त्यातच लिहिलेलं आहे. मग कालच्या बातमीत किती शाळा, किती मुलं, कधी सुरू, सगळं आहे, फक्त कीड निघालेल्या पोराला कोण, कोणत्या दिवशी, कुठे नेणार, हे एका ओळीत पण का नाही? आपल्या वार्ताहरांनी तेवढा प्रश्न विचारायला पाहिजे होता, साहेब.

नागपुरात सोय नाही असं कोणी म्हणू नये. मेडिकल कॉलेजला लागून शासकीय दंत महाविद्यालय आहे, आमच्या मानेवाड्यावरून दूर पण नाही. पण मला तर चिठ्ठीच मिळाली नव्हती, मी कशासाठी नेणार होती? आणि ज्यांना मिळेल त्यांनाही तारीख लिहून द्या. "रेफर" शब्द वाचून रोजंदारीवाल्या बाईला काय कळणार? तिला लिहा की अमुक तारखेला, इतक्या वाजता, या खोलीत या, ही चिठ्ठी दाखवा. दिवाळीच्या सुट्टीत ठेवा, म्हणजे शाळा बुडत नाही.

अजून एक गोष्ट लिहितेच, कारण त्याच दवाखान्यात पाहिली. आमच्या आधी एक पोरगा बसला होता, सतरा वर्षांचा असेल. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. त्याचं एकच बोट गेलं, दुसरं घालायला गेला तर डोळ्यात पाणी आलं. आठवीपासून सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन राहिला होता. तिखट अजिबात सहन होत नाही, भाजी पाण्यात धुवून खातो असं त्याची आई सांगत होती. डॉक्टर म्हणाले सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, पुढे कॅन्सरची पण भीती, खर्रा सोडला तर वाढणं थांबू शकतं पण तोंड पहिल्यासारखं परत उघडत नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. पण खर्रा तर ठेल्यावर आपल्यासमोर पन्नीत घोटून मिळतो, सुपारी, तंबाखू, चुना. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठराच्या आतल्याला द्यायची नाही, २००३ चा कायदा आहे. माझ्या मुलाच्या शाळेच्या गेटवरून मी पावलं मोजली, ठेला बत्तीस पावलांवर आहे. युनिफॉर्ममधली पोरं उभी असतात.

म्हणून तपासणीत दाताबरोबर तीन बोटांचं पण पहा, त्याला ना मशीन लागते ना पैसा, दहा सेकंदांचं काम आहे. लहान पोरांच्या तपासणीत नसेल गरज, पण नववी-दहावीच्या पोरांची, तेही नागपुरात, तपासणी करता आणि खर्र्याचं विचारत नाही, हे मला पटत नाही.

त्या चौदा चिठ्ठ्यांतली चार नावं माझ्या ओळखीची होती, त्यांच्या आयांना मी त्याच संध्याकाळी फोन केले. दोघींनी नेलं, एकीच्या मुलीची दाढ भरून पण झाली. उरलेल्या नऊ जणांचे नंबर माझ्याकडे नाहीत. मागच्या आठवड्यात परत शाळेत जाऊन त्या चिठ्ठ्या वाटल्या का म्हणून विचारलं, तर नवीन वर्षाचं सामान ठेवायला कपाट रिकामं केलं म्हणाले.

आपली नम्र,
एक पालक, मानेवाडा, नागपूर