तिसरी प्रत

सांगली,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, गाण्यांच्या अ‍ॅपचे तुझ्या नावाने वर्षाचे पैसे भरलेत, जगातली सगळी गाणी आहेत त्यात. आता तो डबा दे टाकून." डबा म्हणजे माझी गाण्यांची हार्ड डिस्क. कुकर लावलेला होता म्हणून मी "बरं, बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या "बघू"चा अर्थ तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्याच डब्याचं भावंड आता तुझ्याकडे येतंय, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या त्या अ‍ॅपचं. मी ते वापरते, रोज वापरते. पोळ्या लाटताना तेच चालू असतं आणि त्याने मला कितीतरी नवीन गाणारी माणसं ऐकवली. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मी वर्षभर बसून "आषाढ" नावाची यादी केली होती, चाळीस गाण्यांची. एका सकाळी बघते तर त्यातली सात राखाडी. बोट लावलं तरी ढिम्म. कंपन्यांचे आपापसातले करार संपले की असं होतं म्हणे. होत असेल. पण निदान सांगावं तरी! कोणती सात गेली हे आठवायलाच मला दुपार लागली. ती सातही माझ्या डब्यात निघाली.

आता खरं कारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, इथे आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं तेव्हा तू तिकडे होतास. टीव्हीवर बघितलंस तेवढंच. गावभागातल्या मावशीच्या घरात तळमजल्याचं सगळं बुडालं. आपल्या कॅसेट तिच्याकडेच होत्या, कारण टेप फक्त तिचाच चालू होता. पाणी उतरल्यावर आम्ही दोघींनी बादलीभर कॅसेट काढल्या, चिखलाने गच्च. साठातल्या बावीस वाचल्या. कशा, ते सांगते. कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे, आतली फीत रिळांसकट उचलायची, साध्या पाण्यात हलक्या हाताने धुवायची, सावलीत सुकवायची आणि कुठल्यातरी नकोशा भजनांच्या कॅसेटचं कवच रिकामं करून त्यात बसवायची. माजघरभर दोऱ्यांवर फिती वाळत होत्या. मावशी म्हणाली, शेवया घातल्यासारखं दिसतंय.

त्या बावीसमध्ये एक आजीची होती. १९८८ सालची. जात्यावर बसलेली नव्हती, जातं तेव्हाच माळ्यावर गेलं होतं. स्वयंपाकघरात पाटावर बसून ती ओव्या म्हणत होती आणि तुझ्या बाबांनी टेपरेकॉर्डर मधे ठेवला होता. त्या टेपच्या स्वतःच्या मोटरची घरघर सगळीकडे आहे. चौदाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते, आजी ओवी अर्धी सोडून "बंद कर गं" म्हणते आणि मग मुद्दाम पहिल्यापासून सुरू करते. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला जोडून मी ते ऑडॅसिटीवर, म्हणजे आवाज मुद्रित करायच्या प्रोग्रामवर, उतरवलं. पंचेचाळीस मिनिटांची बाजू उतरवायला पंचेचाळीस मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही, आणि आवाजाची पट्टी लाल झाली की तेवढा भाग फाटलाच समज. मी तीनदा उतरवलं. घरघर काढायची सोय त्यात असते. काढून बघितली, तर आजीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. मग राहू दिली घरघर.

हे तुझ्या अ‍ॅपवर शोधून दाखव.

पण डिस्कवर सगळं असं अमोल वगैरे नाही, उगाच समज करून घेऊ नकोस. बराचसा भाग एसटी स्टँडसमोर घेतलेल्या सीड्यांचा आहे. एका सीडीत दीडशे गाणी, आणि ती चोरीची हे मलाही कळत होतं. तेव्हा घेतल्या, आता त्यातल्या आवडत्या गाण्यांच्या खऱ्या सीड्या किंवा फाइली जमतील तशा विकत घेऊन बदलत असते. त्या फाइलींमध्ये गाणाऱ्याच्या रकान्यात भलत्याच वेबसाइटचं नाव असायचं. गायलं लताबाईंनी, नाव लावलं चोराने!

शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं कार्डं लिहिलेल्या बाईला हे सहन होणार होतं का? निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं माझी नावं नीट करण्यात गेली. एकच भीमसेन जोशी माझ्याकडे चार होते: नुसते, पंडित, "पं." आणि एक स्पेलिंग चुकलेले. यंत्राला ती चार वेगळी माणसं वाटतात. मग ग्रंथालयाचाच नियम लावला, एका माणसाचं एकच रूप, पदव्या बाहेर. कुणाचा अपमान नाही, पंडित आणि उस्ताद सगळे एका रांगेत.

पण हे रकाने ज्यांनी केले त्यांच्या डोळ्यांसमोर आपलं गाणं नव्हतंच. १९९६ साली एमपीथ्रीला नावं चिकटवायची जी पहिली पद्धत आली, तिच्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरांची जागा. राग, ताल, बंदिशीचे बोल लिहायला घेतले की तिसाव्या अक्षरावर कुऱ्हाड. आणि प्रकारांची यादी ठरलेली, ८० प्रकारांची. त्यात पोल्का होता, ख्याल नव्हता. पुढे जागा वाढली, देवनागरीही चालायला लागली, पण राग कुठे लिहायचा याचं उत्तर अजून नाही. मी माझं ठरवलं: प्रकाराच्या रकान्यात राग, संगीतकाराच्या रकान्यात बंदीश ज्याची त्याचं नाव, तबला-पेटीवाले शेऱ्यात. त्यामुळे तू प्रकारांत "मारवा" शोधलास तर सगळ्यांचा मारवा एका खाली एक येईल. ही मजा एकदा घेऊन बघ. संध्याकाळी घे, सकाळी नको.

नाव देताना आकडा दोन अंकी द्यायचा हे मी गाडीत शिकले. गीतरामायणाची ५६ गाणी मी पेनड्राइव्हवर १, २, ३ अशी नावं देऊन घातली आणि आपण कोल्हापूरला निघालो, आठवतंय? त्या प्लेअरला आकडे कळत नव्हते, तो अक्षरं बघायचा. एकनंतर दहा, अकरा, बारा, एकोणीस झाल्यावर दोन. सहाव्या गाण्यातला रामजन्म छपन्नाव्यानंतर आला. रावण मरून, राम परत येऊन बसले आणि मग अयोध्येत पाळणा हलला. बाबा म्हणाले, हे आकाशवाणीने १९५५ साली आठवड्याला एक असं लावलं होतं ते उगाच नाही. आता सगळीकडे ०१, ०२ आहे. तू नवीन काही घातलंस तर तसंच घाल.

आता तुझा लाडका प्रश्न: गाणी फ्लॅक नावाच्या फाइलींत कशाला, एमपीथ्रीपेक्षा जागा खातात. सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं घेतलेली असतात, तीही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची वेगळी. मिनिटाला साधारण १० एमबी. एमपीथ्री करणाऱ्या लोकांनी, जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या, हेरलं की मोठ्या आवाजामागचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. कुकरच्या शिट्टीत तुझी हाक मला ऐकू यायची नाही ना, तसंच. मग ते ऐकू न येणारं फेकायचं. मिनिटाला १ एमबीत काम भागतं. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. फ्लॅक काही फेकत नाही, नुसती नीट घडी घालतो, म्हणून जागा निम्म्याच्या आसपास वाचते.

खरं सांगू? चांगला ३२० चा (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटचा, कमी पिळलेला) एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक मला कळत नाही. भाच्याने डोळे बांधून परीक्षा घेतली, दहात पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. तेव्हा महागड्या हेडफोनवाल्यांच्या गप्पा मी कानाआड करते. पण खूप पिळलेल्या फाइली मला झोपेतही कळतील. ६४ वर तानपुरा पाण्यात बुडवल्यासारखा गुळगुळतो आणि वारकरी भजनातले टाळ कढईत जिरं पडल्यासारखे चुरचुरतात. टाळ चुरचुरला तर भजनात राहिलं काय! अशा फाइली मी शोधून शोधून काढल्या.

ठेवणीतलं मात्र फ्लॅकमध्येच. त्यातून उद्या हवं ते बनवता येतं. एमपीथ्रीवरून परत एमपीथ्री म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. शिवाय एमपीथ्रीत दोन ट्रॅकच्या सांध्यावर बारीकशी फट पडू शकते. सिनेमाच्या गाण्यांना चालतं. विलंबितातून द्रुतात जाताना, गाणारा सम गाठत असताना तिथे खड्डा आला की मला ठेच लागते.

"मिरज" नावाच्या फोल्डरमध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आहेत. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून हे इंटरनेट आर्काइव्हवरून राजरोस उतरवलंय. खरखर भरपूर आहे. एका बाजूला तीनेक मिनिटं, तेवढ्यात राग उभा करून उतरायचं. तू ऑफिसला जाताना एक तबकडी सिग्नलवरच होईल.

जपायचं कसं ते लिहिते. वर्षातून दोनदा, पाडवा आणि दसरा, डिस्क जोडून दोन-चार गाणी लाव आणि फ्लॅक फाइली तपासायचा तो प्रोग्राम चालव. फ्लॅकच्या पोटात त्याची स्वतःची खूण असते, फाइल बिघडली असेल तर तो सांगतो. घरी लिहिलेल्या माझ्या २००४ च्या सीड्या पंधरा वर्षांत आंधळ्या झाल्या, वरून चकचकीत, आत काही नाही. म्हणून आता तीन प्रती. एक माझ्या कपाटात, एक मावशीकडे माळ्यावर (तळमजल्यावर नव्हे!), आणि एक तुझ्याकडे बंगळुरूला पाचव्या मजल्यावर. कृष्णेचं पाणी तिथवर यायचं नाही. तुला ही भेट वाटली असेल. भेट नाही, तू माझा माळा आहेस. ऐकायचं असेल तर ऐक, नसेल तर नको ऐकू, पण पुसून तिच्यावर सिनेमे भरू नकोस.

डिस्क शेजारच्या काकूंचा मुलगा शुक्रवारी घेऊन येतोय, टॉवेलात गुंडाळली आहे. सोबत चकल्या आहेत. चकल्यांचा डबा डिस्कवर ठेवू नको म्हणून त्याला सांगितलंय, तरी तूही फोन कर.

एक काम आहे. "नाव नाही" म्हणून एक फोल्डर आहे, अकरा फाइली. पुरातून आलेल्या, कव्हरं वाहून गेलेल्या. त्यातली चौथी लाव. बाई गातेय, भूप आहे, मागे कुठेतरी घड्याळात आठ वाजतात. मला ती माणिक वर्मांसारखी वाटते, मामा म्हणतो शक्य नाही, आवाज जाड आहे. तुझ्या त्या अ‍ॅपला ऐकवून बघ ओळखतं का. नाही ओळखलं तर मामाशी पैज लावलीये मी, पन्नास रुपयांची.

तुझी,
आई