खुले पत्र: जीवाश्मांच्या स्लाइडींची नोंदवही करा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस

महोदय,

सविनय नमस्कार.

नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या डॉ. श्या. दि. चितळे (१९१८–२०१३) यांनी मोहगाव कलांच्या (जि. छिंदवाडा) चर्टमधल्या (सिलिकाच्या कठीण दगडातल्या) ‘ट्रायकोकायटीस’ या जीवाश्म फळाचा अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक टॉम हॅरिस यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या होत्या. पुढे १९८० पासून त्यांनी अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पती (जीवाश्म वनस्पतींचा) विभाग उभा केला आणि वयाच्या ७८व्या वर्षी कॅथलीन पिग यांच्यासह सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘क्लीव्हलँडोडेन्ड्रॉन’ या वनस्पतीचे वर्णन केले. शेंड्याला शंकू असलेले ते एकच सरळ, बिनफांद्यांचे खोड! तिकडे त्यांचे नाव आहे. इकडे वनस्पतिशास्त्राचे किती विद्यार्थी ते सांगू शकतील, शंकाच आहे.

पण हे पत्र सत्कारासाठी नाही. दगडातल्या जीवाश्माची स्लाइड कशी तयार होते ते पाहा. चर्ट हिऱ्याच्या करवतीने कापायचा, कार्बोरंडमच्या बारीक होत जाणाऱ्या भुकटीवर घासायचा. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ धरायचा. भांडे प्लॅस्टिकचेच हवे, काच हे आम्ल खाते. आम्लाने भाजले तर लावायला शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हवेच. आम्लाने सिलिका झिजते, पेशीभित्ती किंचित वर राहतात. जास्त वेळ ठेवले तर त्या कोसळतात. हलक्या हाताने धुवायचे, बोट लावायचे नाही. वाळल्यावर ॲसिटोन ओतून सेल्युलोज ॲसिटेटचा कागद एका कडेने टेकवत न्यायचा. घाई केली की बुडबुडे. पूर्ण सुकण्याआधी ओढला तर तो वळतो आणि फाटतो.

सुकल्यावर सोललेल्या कागदाला पेशींचा पातळ थर चिकटून येतो, तेच ‘पील’; ते काचपट्टीवर लावले की स्लाइड. असे प्रत्येक पील घेतल्यावर दगड पुन्हा घासावा लागतो. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे फळ घासतघासतच संपते. उरतात ते पील आणि स्लाइडी. त्या गेल्या तर पुन्हा कापायला काही नाही.

आणि त्या जातातच. विदर्भातल्या उन्हाळ्यात स्लाइड चिकटवणारे बाल्सम मऊ होते. स्लाइडी उभ्या ठेवल्या असतील तर कव्हरस्लिप (वरच्या पातळ काचा) घसरतात. जुने ॲसिटेट आंबट वास सोडत आक्रसते. चिठ्ठ्या कसर खाते, आणि ठिकाण-क्रमांक नसलेली स्लाइड अभ्यासकाला निरुपयोगी.

म्हणून मागणी साधी आहे. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांना जीवाश्म-स्लाइडींची नोंदवही बंधनकारक करावी: क्रमांक, ठिकाण, थर, संकलक, प्रसिद्ध लेखाचे वर्ष. ज्यांवरून नवी जाती वर्णिली गेली, त्या स्लाइडींना लाल खूण. स्लाइडी आडव्या ट्रेमध्ये, पील वेगळ्या हवेशीर पाकिटांत. प्रत्येकीचे छायाचित्र मोजपट्टीसह. कपाट निर्लेखित करण्यापूर्वी (नोंदीतून काढून टाकण्यापूर्वी) पुरावनस्पतिशास्त्राच्या जाणकाराची सही सक्तीची असावी. सध्याच्या निर्लेखन समितीला फुटकी काच आणि मूळ नमुना यांतला फरक कळायचे कारण नाही.

नवरगाव (जि. वर्धा) आणि माहुरझरी (जि. नागपूर) इथलेही असेच चर्ट अभ्यासले गेले आहेत. सुरुवात नागपूर विभागापासूनच करावी, तीही पुढच्या उन्हाळ्याआधी.

आपले,
जीवाश्म वनस्पतींवर काम करणारे शिक्षक व प्रयोगशाळा सहायक