तारलीला न्यायच्या आधी हे सगळं वाच

मालवण

प्रिय पम्या,

तुझा मेसेज वाचला, 'फोटोतली कुत्री आम्ही घेतो, शनिवारी न्यायला येतो'. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, आणि लगेच पोटात गोळाही आला, म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा बसून लिहितो. नाही म्हणत नाहीये रे. तुझ्यासारखं घर तिला मिळतंय तर मला अजून काय हवं. पण या शनिवारी नको. दिवाळी होऊ दे, तुळशीची लग्नं होऊ देत, मग ये. का ते सांगतो, पत्र लांबणार आहे, वहिनींनाही वाचायला दे.

तारली मला जुलैत सापडली, बंदरावर, होड्या झापांखाली झाकून ठेवतात ना त्या बाजूला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद हे आपण लहानपणापासून बघत आलोय, पण त्या बंदीचा कुत्र्यांशी काय संबंध हे मला फॉस्टरिंग, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री घरी सांभाळणं, करायला लागल्यावर कळलं. बंदरावरची कुत्री लिलावातल्या टाकाऊ मासळीवर जगतात आणि किनाऱ्यावरची पर्यटकांवर, आणि जूनमध्ये दोन्ही एकदमच थांबतं. लिलाव नाही, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, स्कुबा बंद, स्टॉलवर ताडपत्र्या. ऑक्टोबरपासून लोकांच्या हातची बिस्किटं खाल्लेलं कुत्रं भर पावसात कुठे जाणार, सांग. मग ती एकमेकांना फाडतात, लोकांच्या मागे लागतात, लोक दगड मारतात, आणि सगळे म्हणतात पावसाळ्यात कुत्री पिसाळतात. पिसाळत नाहीत, उपाशी असतात. पिसाळणं म्हणजे रेबीज, तो वेगळा विषय, त्यावर खाली लिहितो.

हिच्या मानेत नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. पिल्लू असताना कधीतरी अडकला असणार, ती वाढली आणि तो रुतत गेला. जखमेत अळ्या झाल्या होत्या. टॉवेलमध्ये गुंडाळून दवाखान्यात नेली, डॉक्टरांनी भूल देऊन तो दोरा कापून काढला, चिमट्याने एकेक अळी काढली. रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, एर्लिकिया, प्लेटलेट पार खाली, हिरड्या पांढऱ्याफटक. महिनाभर डॉक्सिसायक्लिन चाललं, तेही जेवणानंतरच, रिकाम्या पोटी दिलं की उलटी करायची. आता तब्येत एकदम ठणठणीत आहे. रेबीजची लस झाली, नाइन-इन-वन झालं (त्यात लेप्टोचीही लस असते, आपल्या सिंधुदुर्गात ती टाळून चालतच नाही), जंताचं औषध झालं, आणि मागच्या महिन्यात गोव्यात नेऊन नसबंदीचं ऑपरेशनही करून आणलं. सगळी फाईल तुला देतो. शरीराची काळजी करू नको. मी लिहितोय ते मनाबद्दल.

मानेला हात लावलेला तिला अजिबात चालत नाही. वर्षभर तिथे सतत दुखत होतं, तिचा काय दोष. त्यामुळे गळ्यात पट्टा नाही, कधीच नाही. छातीवरून जाणारा हार्नेस. आणि तो पण तू किंवा मी तिला 'घालायचा' नाही, तिने स्वतः डोकं आत घालायचं. हे कसं शिकवलं ते नीट वाच, कारण बाकी सगळं शिकवायची रीत हीच आहे.

पहिल्यांदा हार्नेस नुसता पडवीत जमिनीवर ठेवला आणि आजूबाजूला उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे टाकले. ती लांबून मान ताणून उचलायची आणि मागे पळायची. पळू दिलं. काही दिवसांनी हार्नेसवर पाय ठेवून खायला लागली. मग मी खाली बसून, तिच्याकडे पाठ नाही आणि तोंड पण नाही असा आडवा बसून, हार्नेसची गोल बाजू हातात धरली आणि दुसऱ्या हाताने तुकडा त्या गोलाच्या पलीकडे धरला. तिने नाक पुढे केलं, पट्टीला मिशा लागल्या, परत मागे. मी हात हलवला नाही. हा हात न हलवणं फार कठीण आहे पम्या, आपल्याला वाटतं आलंय डोकं तर सरकवून टाकू. नाही सरकवायचं. थोड्या वेळाने नाक आत आलं, मी लगेच 'हां!' म्हटलं आणि तुकडा दिला. तो 'हां' म्हणजे तिच्यासाठी पावती आहे, आत्ता केलंस ते बरोबर, खाऊ येतोय. तो अगदी त्या क्षणाला पडला पाहिजे, उशीर झाला तर तिला कळत नाही नक्की कशाबद्दल मिळालं. मग डोळ्यांपर्यंत, मग कानांपर्यंत. कान आत गेले त्या दिवशी ती तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. पट्टीचं बक्कल लावायचा 'टक' आवाज तिला नको होता, म्हणून बक्कल वेगळं घेऊन लांबून टक केलं की चिकन, टक केलं की चिकन, असं बरेच दिवस चाललं. आता हार्नेस खुंटीवरून काढला की धावत येते आणि आपण होऊन डोकं घालते.

शेजारचे एक काका रोज सांगायचे, साखळी घाल, दोन दे, सरळ होईल. होते सरळ, मी नाही म्हणत नाही. मार खाल्लेलं कुत्रं गप्प बसतं. पण ते शिकलेलं नसतं, फक्त घाबरलेलं असतं, आणि एक दिवस भीती जास्त झाली की न गुरगुरता चावतं, कारण गुरगुरलं की मार बसतो हे तेवढं ते शिकलेलं असतं. म्हणून एक विनंती, ती गुरगुरली तर तिला ओरडू नका. ती सांगतेय की मला हे नको आहे. थांबा, मागे व्हा, आणि कशामुळे झालं ते बघा. त्याच्याही आधी ती सांगत असतेच, झोप नसताना जांभई देते, तोंड कोरडं असल्यासारखी ओठ चाटते, मान वळवते, डोळ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो. शेपूट हलतेय म्हणजे खूश असं प्रत्येक वेळी नसतं. ओवीला हे सगळं दाखव, पोरं हे मोठ्यांपेक्षा पटकन पकडतात. ओवीने तिला मिठी मारायची नाही, वरून डोक्यावर थोपटायचं नाही, खाताना आणि झोपलेली असताना जवळ जायचं नाही. जमिनीवर आडवं बसायचं, हात खाली ठेवायचा, ती आली तर छातीला खाजवायचं, तीन मोजायचे आणि थांबायचं. परत नाक लावलं तर अजून खाजवायचं. नाही लावलं तर आज नको आहे.

जेवणाचं पण आहे. उपाशी राहिलेली आहे, त्यामुळे सुरुवातीला वाटीजवळ कोणी गेलं की अंग ताठ व्हायचं. लोक सांगतात वाटीत हात घाल, वाटी काढून घे, मालक कोण ते दाखव. असलं काही करू नको. त्याने तिची भीती खरी ठरते की माणूस जवळ आला म्हणजे खाणं जाणार. मी उलटं केलं, ती खात असताना लांबून जाता जाता भातापेक्षा चांगलं काहीतरी वाटीत टाकायचो, अंड्याचा तुकडा वगैरे, आणि न थांबता पुढे जायचो. आता मी येताना दिसलो की ती वाटीतून तोंड बाहेर काढून माझी वाट बघते. तोंडात काही नको ते सापडलं तरी हिसकावायचं नाही, बदल्यात दुसरं द्यायचं.

काय द्यायचं तर भात, उकडलेलं चिकन, अंडं, दही, लाल भोपळा. आई तिला गुपचूप सुके बोंबील देते, मी भांडलो, त्यात मीठ किती असतं. आईचं काय सांगू, जुलैत म्हणाली होती, "ह्यां बंदरावरचां कुत्रां घरात नको हां माका, पडवीत काय ता ठेव," आणि आता तारली दुपारी आईच्याच चटईच्या कडेला झोपलेली असते. कांदा-लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही, शिजवलेली हाडं नाहीत, ती मोडून टोकदार होतात. आणि कधी इकडे आलात आणि किनाऱ्यावर फिरवलंत तर मेलेल्या केंड माशाला तोंड लावू देऊ नका, त्याच्या विषावर औषधच नाही.

आता दिवाळीचं. गणपतीच्या आधीपासून मी तिला आरत्यांचं रेकॉर्डिंग ऐकवत होतो, झांजा आणि ढोलकी, फोनचा आवाज इतका कमी की तिचा फक्त कान हलेल. आवाज सुरू झाला की चिकन, आवाज बंद की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा आहे हां, आधी आवाज आणि मग खाणं. उलटं केलंस तर चिकन बघूनच ती घाबरायला लागेल, की आता तो आवाज येणार. आवाज एकेक घर वाढवत नेला, ती खायची थांबली तर तिथेच परत कमी केला. प्रत्यक्ष आरतीला तिला मागच्या खोलीत पंखा लावून, चघळायला देऊन ठेवलं, दार उघडं. चाकरमानी, पोरं, भजनं, सगळं घर भरलेलं, आणि ती थरथरली नाही. पण फटाके हा प्रकार वेगळा आहे. झांजांना ताल असतो, फटाका कधी वाजेल सांगता येत नाही. ठाण्यात नवीन घर, नवीन माणसं, लिफ्ट, गुळगुळीत फरशी, आणि त्यात लक्ष्मीपूजनाची रात्र, हे तिला एकदम द्यायचं नाही. घाबरलेलं कुत्रं गॅलरीचं दार उघडं दिसलं तरी पळतं, आणि ठाण्यात ती हरवली तर तिला परत शोधायचं कुठे. दिवाळीत ती इथे माजघरात, माझ्या देखरेखीत राहू दे.

नेल्यावर तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब धरतात. पहिले दिवस ती कोपऱ्यात बसेल, कदाचित जेवणार नाही. बसू दे. आंघोळ नको, सोसायटीला दाखवायला नेणं नको, सासरच्यांना बोलावणं नको. काही आठवड्यांनी तिला घराची वेळ कळते, आणि तेव्हाच खोड्याही सुरू होतात, चप्पल वगैरे. घाबरू नकोस, म्हणजे ती सुटी व्हायला लागली. घर आपलं आहे हे कळायला महिने जातात. रेती आणि मातीच तिला शी-शूसाठी माहीत आहे, पेपरवर करणार नाही, म्हणून पहाटे बिल्डिंगखालच्या मातीवरच ने, आणि अडीअडचणीला बाल्कनीत एका ट्रेमध्ये माती भरून ठेव. पावसातून आलेली, अंधारात राहिलेली आहे पण रात्री एकटी फिरू द्यायची नाही. इथे वरच्या वाडीत बिबट्या कुत्री नेतो म्हणून मी तिन्हीसांजेला आत घेतो, आणि तुम्ही तर येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहता, तिथेही बिबटे आहेत.

रेबीजचं. वहिनींना भीती वाटत असेल तर ती रास्त आहे, जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भारतात होतात, आणि एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही. पण तो टाळता येतो, शंभर टक्के म्हणायला हरकत नाही. तिची लस दरवर्षी चुकवायची नाही. आणि कुठल्याही कुत्र्याने, हिनेच नव्हे तर रस्त्यावरच्याने सुद्धा, चावा घेतला किंवा ओरखडा काढला तर हळद-चुना न लावता आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, मग सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचा कोर्स पूर्ण करायचा. मी या कामात असल्यामुळे आधीच घेऊन ठेवलेत. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीज पसरायचा थांबतो असं डब्ल्यूएचओ सांगते. शेजारी गोव्यात 2014 पासून ते मोठ्या प्रमाणावर करतायत. आपल्याकडे का होऊ नये याचा मला खरंच राग येतो.

सोसायटीवाले काही बोलले तर 2015 चं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं परिपत्रक आहे, पाळीव कुत्र्याला सोसायटी बंदी घालू शकत नाही. महापालिकेचं लायसन्स मात्र काढ.

मला विचारशील की एवढा जीव लागलाय तर तूच का नाही ठेवत. ठेवावीशी वाटते, रोज वाटते. पण घरात आजारी कुत्र्याला पुरेल अशी जागा एकाचीच आहे, ती अडली की बंदरावरच्या पुढच्याला मी घरी आणू शकत नाही. आणि ती तयार झालीय पम्या. तिला आता माणूस म्हणजे दगड असं वाटत नाही. तिला फक्त कायमचं घर हवंय, मी तिला तात्पुरतं देऊ शकत होतो ते दिलं.

तर आता असं कर. तुम्ही तिघांनी वापरलेली एखादी चादर न धुता मला कुरिअर कर, मी तिच्या बिछान्यात घालतो, तुमचा वास आधीच ओळखीचा होईल. ओवीचा आवाज रेकॉर्ड करून पाठव, 'तारली ये' एवढंच, जेवणाच्या वेळी लावतो. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मी आजपासून सुरू करतोय. येशील तेव्हा ट्रेनने नको, गाडीनेच ये आणि दोन दिवस राहायच्या बेताने ये, म्हणजे हार्नेस घालणं ती तुझ्या हातून शिकेल आणि मी बाजूला बसेन. आईने तुझ्यासाठी सोलं बाजूला काढून ठेवलीत, पिशवी मोठी आण.

वहिनींना नमस्कार, ओवीला गोड पापा. चादरीचं विसरू नको.

तुझा,
बाळू