खोलीला कडी लावून दारू सुटत नाही

महोदय,

पडद्यावरचा दारुडा आता आपल्याला पाठ झाला आहे. प्रेमभंग, बाटली, भर पावसात झोकांड्या, मग आईची नाहीतर नायिकेची शपथ. त्याला खोलीत कोंडतात, बाहेरून कडी. आत आरडाओरडा, आदळआपट. आणि सकाळी दाढी करून माणूस बरा. दीड मिनिटात! करमणूक म्हणून चालून जाईल, पण घरोघरी हाच उपचार खरा धरला जातो आणि तो जिवावर बेतू शकतो.

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, की शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. फिट यायची तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात: भिंतीवर किडे चालताना दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. सिनेमात नेमके याच वेळी दार बंद असते.

आपल्याकडे गोव्यात याला श्रावणाचा मुहूर्त मिळतो. आषाढ संपता संपता पोटभर पिऊन घ्यायची आणि श्रावण लागला की एकदम बंद, ते थेट गणेशाची चवथ होईपर्यंत. तिसऱ्या रात्री माणूस बडबडायला लागला की 'काहीतरी लागलं' म्हणून आधी नारळ, गाऱ्हाणे, इस्पितळ मागाहून. व्रताला कोणाचीच हरकत नाही. पण ज्याला रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त लागते, सकाळी हात थांबवायला घोट लागतो किंवा पूर्वी एकदा फिट आलेली आहे, त्याने आधी डॉक्टर गाठावा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम अल्कोहोल असते. झटके टाळायला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामच्या गोळ्या देऊन साधारण आठवड्याभरात त्या कमी करत नेतात. हे प्रमाण डॉक्टरनेच ठरवायचे. 'एक सलाईन लावा, बरा होईल' हा नातेवाइकांचा आग्रहही अंगाशी येतो: ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊन तोल जाणे, डोळे फिरणे, भ्रम असे प्रकार होऊ शकतात. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, यावर उपचार होतात. साखळीने बांधायला तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मनोविकारही त्याच कायद्यात येतात.

आता कारणांविषयी. राम गणेश गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी 'एकच प्याला' नाटकात सुधाकरच्या हाती प्याला दिला तो कोर्टातल्या अपमानानंतर, आणि शेजारी तळीराम बसवला. बेअब्रू, हातचे काम जाणे आणि 'घे रे थोडी' म्हणणारा सोबती, हे सगळे त्यात आले. आजच्या पटकथेत उरला तो फक्त प्रेमभंग. गोव्यातला सुधाकर शोधायचा तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना जेटीवर बसलेला खलाशी पाहा. सीझनमध्ये रात्री दोनपर्यंत टिपचे रोख पैसे मोजणारा आणि पावसाळ्यात बेकार झालेला किनाऱ्यावरच्या शॅकमधला (झोपडीवजा हॉटेलातला) पोरगा पाहा. २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्यावर ट्रकचे हप्ते अंगावर आलेला मालक पाहा. कोपऱ्यावर तवेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, आहे, तिथे उधारीची वही आहे. हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, 'हलकी' म्हणून मोठ्या ग्लासात लिंबू-सोडा, मीठ, मिरची घालून घेतात. पण पंधरा टक्क्यांची २०० मिली हुर्राक पोटात गेली, तर ती ६० मिलीच्या पेगहून जास्तच भरते.

२ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूच्या दृश्यांखाली इशारा येतो. तो येतो तेव्हा नायक सर्वांत रुबाबदार दिसत असतो, त्यामुळे नजर कुठे जाते हे सांगायला नको.

ड्रग्जच्या चित्रपटात तर शेवटी धाड आणि बेड्या ठरलेल्या. म्हणून पोलिसांच्या भीतीने घरची माणसे मुलाला लपवतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचे कलम ६४ अ सांगते, की ड्रग्ज सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या ड्रग्जसंबंधीचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. एकाही वकील-पात्राच्या तोंडी हे वाक्य येऊ नये?

दर नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी सिनेमावाले पणजीत जमतात. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की कोंडण्याचे दृश्य हवेच असेल तर तिसऱ्या रात्रीपर्यंत कॅमेरा आत ठेवा. आणि थिएटरवाल्यांनी मध्यंतरात पॉपकॉर्नच्या जाहिरातीआधी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक दहा सेकंद पडद्यावर ठेवावा.

एक समुपदेशक, फोंडा