उणीव होती ती पुराव्याची

माननीय संपादक,

‘जे अजून जन्मालाच आले नाहीत त्यांचे हक्क कसले?’ असा सवाल आपल्या रविवारच्या पुरवणीत हवामानाच्या खटल्यांवर लिहिणाऱ्या लेखकाने केला आहे. मी ३४ वर्षे दिवाणी वकिली केली, त्यातली निम्मी वाटण्या आणि मृत्युपत्रांत गेली. जन्माला न आलेल्या नातवंडासाठी मिळकत राखून ठेवणारी मृत्युपत्रे मी स्वतः लिहिली आहेत. घराचा तहहयात उपभोग ज्याला मिळतो त्याने त्यात राहावे, भाडेही घ्यावे. पण तुळया काढून विकायला गेला तर मागच्या वारसासाठी मनाईहुकूम मागता येतो, मग तो वारस पाळण्यात असो की पोटात. तेव्हा ही पर्यावरणवाल्यांनी काढलेली नवी टूम नव्हे. आमच्या दप्तरातली फार जुनी गोष्ट आहे.

अडत होते ते पुराव्यापाशी. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच, जंगलतोडीच्या प्रकरणात, मुलांना पुढच्या पिढ्यांच्या वतीने दाद मागता येते हे मान्य केले. पण दावा चालवायला परवानगी मिळणे वेगळे आणि नुकसान सिद्ध करणे वेगळे. कोणाच्या धुराने, किती आणि केव्हा, हे तीन प्रश्न उलटतपासणीत आले की हवामानाचा दावा ढासळायचा.

जर्मनीच्या घटना न्यायालयाचा २४ मार्च २०२१ चा आदेश मी निवृत्तीनंतर सावकाश, पेन्सिल घेऊन वाचला. त्यातला कणा हिशेबाचा आहे. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो, म्हणून तापमान किती चढणार हे आजवरच्या एकूण बेरजेवर ठरते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या अंदाजाने दर १,००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. म्हणजे तापमानाची मर्यादा ठरवली की किती धूर सोडणे बाकी आहे तेही ठरते. सरकारच्याच तज्ज्ञ सल्लागार मंडळाने जर्मनीच्या वाट्याची ही शिल्लक २०२० पासून ६.७ अब्ज टन काढली होती. न्यायालयाने ती देशाच्या हवामान कायद्याशी ताडून पाहिली आणि २०३० पर्यंत दिलेल्या मुभेतच ती जवळजवळ संपते असे आढळले. मग त्यानंतर ज्यांना जगायचे आहे त्यांच्या वाट्याला उरतात फक्त निर्बंध, आणि तेही एकदम. त्यांच्या स्वातंत्र्याचा संकोच आजच्या कायद्यानेच होतो, असे न्यायालय म्हणाले. काही महिन्यांत सरकारने २०३० चे कपातीचे उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्क्यांवर नेले.

या आकड्यात अनिश्चितता आहे, हे न्यायालयाने स्वतःच नोंदवले आहे. आपले लेखक नेमके तेच धरून बसले आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की दिवाणी कोर्टात निःसंशय सिद्धता आम्ही कधीच मागितली नाही. पारडे कुठे झुकते एवढेच तिथे पाहतात. हद्दीच्या खुणांचे किती दावे याहून लंगड्या पुराव्यावर निकाली निघालेले मी पाहिले आहेत!

अमेरिकेतील मोंटाना राज्याची तर कमालच. खाणी आणि प्रकल्पांना परवाने देताना हरितगृह वायूंचा विचारच करायचा नाही, असा तिथे कायदा होता. पुरावा बघायलाच बंदी! १६ मुले आणि तरुण कोर्टात गेले, शास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या आणि १४ ऑगस्ट २०२३ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरला. राज्याच्या १९७२ च्या घटनेतच पुढच्या पिढ्यांसाठी स्वच्छ पर्यावरणाची हमी आहे. वरच्या कोर्टानेही डिसेंबर २०२४ मध्ये निकाल कायम केला.

सगळेच निकाल असे लागले नाहीत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ या एकाच दिवशी स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला (त्यांच्या सरकारने ही शिल्लक मोजलीच नव्हती, हा एक ठपका) आणि पोर्तुगालच्या सहा तरुणांना मात्र, आधी स्वतःच्या देशातल्या कोर्टात का गेला नाहीत, असे म्हणून परत पाठवले. आज्या जिंकल्या, नातवंडे माघारी. मी विरुद्ध बाजूला असते तर तो मुद्दा पहिल्याच तारखेला उचलला असता. म्हणून त्यावर फार बोलत नाही.

‘सायन्स’ नियतकालिकात २०२१ साली आलेल्या एका अभ्यासात १९६० आणि २०२० साली जन्मलेल्यांची तुलना आहे. देशांनी तेव्हा दिलेली वचने पाळली तरी २०२० च्या मुलाला आयुष्यात सुमारे सातपट उष्णतेच्या लाटा सोसाव्या लागतील. माझा जन्म १९६० चा. नात २०२० ची.

आपल्याकडे एवढीच मागणी की यापुढे अशा निकालाची बातमी द्याल तेव्हा कोर्टाबाहेर फलक धरलेल्या मुलांच्या छायाचित्राशेजारी निकालपत्रातला तो शिल्लक टनांचा आकडाही छापा. खटला त्यावर उभा असतो आणि बातमीत तो मला अजून एकदाही सापडलेला नाही.

आपली,
एक निवृत्त दिवाणी वकील