ट्युबाची पिशवी मापे घेऊनच निवडा

महोदय,

ट्युबा या फुंकून वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्यासाठी मऊ पिशवी घेताना नुसती उंची मोजून भागत नाही. एकूण उंची, कर्ण्याचा (वाद्याच्या पसरट तोंडाचा) व्यास आणि व्हॉल्व्हसह (सूर बदलण्याच्या झडपांसह) धडाची सर्वांत जास्त रुंदी, अशी तीन मापे घ्यावीत. कर्ण्यापाशी पिशवी सैल पडली की वाद्य आत हिंदकळते आणि आधी कर्ण्याची कडच दुमडते. म्हणून तिथे आणि तळाच्या वळणाखाली फोमचा जादा थर हवाच. बाकी अंगाला २० ते २५ मिलिमीटर पुरतो. चेनच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी नसेल, तर चेनचे दात लॅकर (पितळेवरचा चमकदार लेप) ओरबाडतात. अशी पिशवी घेऊच नये.

वाद्याचे वजन सहज १० किलोच्या आसपास जाते. हँडल नुसते कापडावर शिवलेले असेल तर शिवण उसवते. पट्टा तळाखालून फिरवून आणलेला असावा.

माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) नेहमी वेगळ्या कप्प्यात ठेवावा. तो आत सुटा राहिला तर नळ्यांना पोचे पाडतो. वाजवून झाल्यावर नळ्यांत श्वासामुळे साचलेले पाणी काढूनच वाद्य भरावे आणि मुक्कामी पोहोचताच चेन उघडावी, नाहीतर अस्तर ओलसर राहून वास धरते. आडवे ठेवताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असावेत. पिशवी पाठीवर असताना दारातून वाकून जावे, कारण वरचे टोक डोक्यापेक्षा उंच असते.

सामानाच्या डब्यात मात्र मऊ पिशवी कधीही देऊ नये; तिथे कडक पेटीच लागते.

– काही ट्युबावादक