‘वय झालं’ म्हणण्याआधी मनही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंशावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लक्षणं नेमकी दिली होती, पण नैराश्याचं नावही नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझी थोरली बहीण ७४ वर्षांची. भावोजी गेले आणि काही महिन्यांतच तिचं विसरणं इतकं वाढलं की घरच्यांनी परस्पर ‘डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) ठरवूनही टाकलं. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तारीख-वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ताईचं एकच पालुपद : ‘माहीत नाही. मला आता काही जमत नाही.’ डॉक्टरांना नैराश्याची शंका आली ती यावरूनच. डिमेन्शियाचा रुग्ण बहुधा चुकीचं का होईना, उत्तर देतो, वेळ मारून नेतो, मला काही झालेलं नाही म्हणतो. नैराश्यातलं माणूस प्रयत्नच सोडतं, आणि विसरण्याची तक्रार मात्र स्वतःच करत राहतं. शिवाय डिमेन्शिया सहसा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. ताईचं कधी सुरू झालं हे आम्हाला महिन्यानिशी सांगता येत होतं. थायरॉइड, बी-१२ तपासून झालं, गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. आता ती शब्दकोडं सोडवते, वर माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढते. (मी निवृत्त मराठी शिक्षिका!)

तरीही डॉक्टर तिला दरवर्षी स्मृतिचाचणीला बोलावतात. ‘बरी झाली ना, मग कशाला?’ असं भाचा कुरकुरतो. पण या बोलावण्याला कारण आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियाविषयक आयोगाच्या २०२० आणि २०२४ च्या अहवालांत नैराश्य हे डिमेन्शियाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींमध्ये धरलं आहे. आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी येऊ घातलेल्या डिमेन्शियाची चाहूलही असतं. कोण कोणाच्या आधी आलं, हे पुष्कळदा काही काळ लक्ष ठेवल्याशिवाय कळत नाही.

ज्येष्ठांच्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर हौसेने मोजतात. ज्येष्ठांमधलं नैराश्य चाचपणाऱ्या ‘जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल’च्या छोट्या आवृत्तीत १५ प्रश्न आहेत, उत्तरं हो किंवा नाही, काही मिनिटांचं काम. त्यावरून निदान होत नाही, पण कोणाला डॉक्टरांकडे न्यायचं ते कळतं. शिबिर भरवणाऱ्यांनी हा कागद ठेवावा, आणि आपणही पुढच्या पुरवणीत अशा चाचणीची माहिती द्यावी. जरा मोठ्या टाइपात.

आपली,
एक नियमित वाचक